हरवलेले नाणे आणि धातुशोधक यंत्र

आपल्या बेळगाव-निपाणी परिसरातील जुन्या पिढीच्या तोंडी ‘पायाळू’ हा शब्द आजही ऐकू येतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. अशा माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमीत पुरलेले धन दिसू लागते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रसूतिशास्त्राच्या दृष्टीने यात चमत्कार काहीही नाही. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर प्रसूतींपैकी तीन-चार प्रसूतींत बाळ डोक्याऐवजी कमरेकडून वा पायांकडून खाली सरकलेले असते, इतकेच. परंतु या समजुतीपायी गुप्तधनाच्या नादी लागून अनेक कुटुंबे नागवली गेली आणि क्वचित निरपराध जीवांचे बळीही गेले. महाराष्ट्राने २०१३ साली व कर्नाटकाने २०१७ साली अशा अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले, ते उगाच नव्हे.

अंजनाची जागा आता मेटल डिटेक्टरने, म्हणजे धातुशोधक यंत्राने घेतली आहे. परदेशांत बागांमधून व समुद्रकिनाऱ्यांवर हे यंत्र फिरवून हरवलेली नाणी व अंगठ्या शोधणे हा एक रूढ छंद आहे. आपल्याकडेही हे यंत्र आता सहज विकत मिळते. म्हणून ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे सुजाण नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे. वैद्यकीय व्यावसायिकांना तर त्याविषयी विशेष आस्था वाटावयास हवी. कारण या यंत्राचा जन्म खजिन्याच्या शोधात झालेला नाही, एका रुग्णाच्या शय्येपाशी झाला आहे.

रुग्णशय्येपाशी झालेला जन्म

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी पाठीतून आत शिरून शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षांचा अवकाश होता. गोळी शोधण्यासाठी डॉक्टर जखमेत बोटे व सळ्या घालून पाहत होते, आणि त्या निर्जंतुक केलेल्या नव्हत्या. अशा वेळी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे सरसावले. लंडनच्या डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या ‘इंडक्शन बॅलन्स’ या तत्त्वावर त्यांनी एक यंत्र सिद्ध केले. शरीरावरून वेटोळे फिरवावयाचे आणि धातू आला की टेलिफोनच्या कर्ण्यातून आवाज ऐकावयाचा, अशी त्याची रचना होती. जुन्या युद्धातील गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या सैनिकांवर त्याची परीक्षा झाली व ती यशस्वी ठरली.

राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत मात्र यंत्र अपयशी ठरले. एक कारण असे की, रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारांचे जाळे होते आणि ते यंत्राला गोंधळात टाकीत होते. दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. गोळी उजव्या बाजूस आहे अशी प्रमुख उपचारक डॉ. ब्लिस यांची खात्री होती, म्हणून शोधही त्याच बाजूस झाला. १९ सप्टेंबर १८८१ रोजी गारफील्ड जंतुसंसर्गाने खंगून मरण पावले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागे आढळली. यंत्र सदोष नव्हते. त्याला कोठे विचारावे आणि त्याच्या उत्तराचा अर्थ कसा लावावा, हे मनुष्याला साधले नाही.

यंत्र नेमके काय ऐकते

या यंत्राची कार्यपद्धती सोपी आहे. दांड्याच्या टोकाशी असलेल्या तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वाहतो व त्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र एखाद्या धातूच्या वस्तूवर पडले की तिच्यात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र परत येते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि कानाला आवाज देते. चांदी व तांबे यांसारखे उत्तम वाहक धातू आणि लोखंड यांच्या उत्तरांत फरक असतो. त्यावरून यंत्र खिळे गाळून नाण्यांचा अंदाज बांधते. एकट्या नाण्याचा पत्ता सामान्यतः वीतभर खोलीपर्यंतच लागतो. परसात पुरुषभर खोल पुरलेला मोहरांचा हंडा दाखवून देतो, असे सांगून पैसे उकळणारा मनुष्य यंत्राच्या नव्हे, तर आपल्या लोभाच्या बळावर धंदा करीत असतो.

शिवाय यंत्राला फसविणेही अवघड नाही. शीतपेयाच्या डब्याची कडी, चॉकलेटचा चांदीवर्ख, बाटलीचे झाकण, या साऱ्यांचा आवाज नाण्यासारखा येऊ शकतो. खुद्द आपली नाणीही एकजात नाहीत. १९३९ पर्यंतच्या राणीछाप-राजाछाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम होते व त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी होती. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली, पुढे ॲल्युमिनियमचे हलके पैसे आले आणि १९९२ पासूनचा रुपया पोलादाचा आहे. हे पोलाद चुंबकाला चिकटते. म्हणूनच नदीच्या घाटांवर पोरे दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी बाहेर काढतात. पण ‘लोखंड गाळ’ असे यंत्राला सांगितले, तर हेच पोलादी रुपये गाळले जाण्याचा संभव असतो.

बाग, किनारा आणि शिस्त

हरवलेली मौल्यवान वस्तू शोधून काढण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सराफ कट्ट्यावरची धूळ व गटारातील गाळ धुऊन सोन्या-चांदीचे कण वेगळे करणाऱ्या झारेकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. किनाऱ्यावर हेच काम लाटा करतात. जड वस्तू वाळूतील खोलगट जागी गोळा होतात. पावसाळ्यात खवळलेला समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो व पुढे हळूहळू परत आणून टाकतो. त्यामुळे वेंगुर्ल्याच्या वा गोव्याच्या किनाऱ्यावर यंदा हरवलेली अंगठी पुढील वर्षी भलत्याच खोलीवर असू शकते. ओली खारट वाळू स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून साधी यंत्रे तेथे बिनकामाचा कलकलाट करतात. तेथे स्पंदनावर चालणारी निराळ्या जातीची यंत्रे वापरावी लागतात.

या छंदाला शिस्त हवी. बाग नगरपालिकेची असो वा खाजगी, परवानगीवाचून खणू नये. खणलेला खड्डा बुजवून हिरवळ पूर्ववत करावी आणि सापडलेले खिळे व काचा तेथे परत न टाकता सोबत न्याव्यात. धनुर्वाताच्या लसीची मुदत तपासून घ्यावी, हे येथे वेगळे सांगावयास नको. आपल्या बेळगाव शहराचा मोठा भाग लष्करी छावणीचा आहे. तेथे यंत्र घेऊन फिरणे तर सोडाच, पण इतरत्रही काडतुसासारखी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता पोलिसांना कळवावे. आणि एखाद्याची अंगठी सापडली, तर ती आपली होत नाही. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्यातच लिहिलेले आहे.

मातीतील नाणे म्हणजे फाटू नये असे पान

येथपर्यंत गोष्ट हरवलेल्या नाण्यांची झाली. पण आपल्या भूमीत केवळ काल-परवाची नाणी नाहीत. निपाणीहून महामार्गाने तासाभरात गाठता येणाऱ्या कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातील एका समृद्ध नगरीचे अवशेष तेथे मिळाले. ब्रह्मपुरीतच सापडलेली ग्रीक सागरदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखाचा व्यापार भूमध्य समुद्रापर्यंत पोचला होता, याची ती साक्ष होय. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूर येथेही सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आहे. विळिवायकुर, सिवलकुर अशी नावे धारण करणाऱ्या कुर राजांची माहिती तर आपल्याला मुख्यतः त्यांच्या नाण्यांतूनच मिळते.

असे एखादे शिशाचे नाणे बाजारात नेले तर त्याला फार मोल येणार नाही. परंतु ते कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत, कोणत्या भिंतीच्या पायाशी सापडले, हे ठाऊक असेल तर त्यावरून त्या सबंध थराचा काळ ठरविता येतो. यंत्राचा आवाज ऐकून कोणी ते उपसून खिशात घातले की नाणे वाचते, पण इतिहास पुसला जातो. रुग्णाचा पूर्ववृत्तांत फाडून केवळ त्याचे नाव हाती ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

म्हणूनच कायद्याने येथे रेघ आखली आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ही खबर दडविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. कर्नाटकाचा स्वतंत्र निधी कायदा १९६२ चा आहे. सीमा ओलांडली की कायद्याचे नाव बदलते. खबर देण्याचे कर्तव्य बदलत नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात तर अनुज्ञेवाचून खणणे हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

दवाखान्यातील हरवलेले नाणे

आता ज्या नाण्याशी आपला व्यवसायाने संबंध येतो, त्याकडे वळू. खेळता खेळता मुलाने नाणे गिळले म्हणून आई-वडील धावत येतात. बहुतेक नाणी जठरात उतरली की आपोआप शौचावाटे बाहेर पडतात. अडकतात ती बहुधा अन्ननलिकेच्या वरच्या टोकाशी. लाळ गळणे, गिळता न येणे, उलटी वा श्वासाला त्रास ही लक्षणे असतील, तर वेळ दवडता येत नाही. लक्षणे नसली तरी अन्ननलिकेतील नाणे २४ तासांच्या आत काढावयास हवे. नाणे खाली ढकलले जावे म्हणून केळी खाऊ घालणे, घशात बोट घालणे, उलटी करविणे हे घरगुती उपाय टाळावेत. पोट भरलेले असले तर पुढे भूल देणेही धोक्याचे होते.

गेल्या काही दशकांत परदेशांतील रुग्णालयांत अशा मुलांसाठी हातातील छोट्या धातुशोधक यंत्राचा वापर झाला आहे. नाणे छातीच्या वर आहे की पोटात उतरले, हे ते बऱ्याच विश्वासाने सांगते आणि वारंवार क्ष-किरण घेणे टळते. बेल यांचे स्वप्न असे शतकाहून अधिक काळानंतर लहान मुलांच्या कामी आले. परंतु येथेही यंत्राची जुनी मर्यादा कायम आहे. ते ‘धातू आहे’ एवढेच सांगते, ‘नाणे आहे’ असे सांगत नाही.

आणि हीच मर्यादा जिवावर बेतू शकते. रिमोट, वजनकाटे, चावीचे फोब यांत वापरला जाणारा लिथियमचा बटण सेल २० मिलिमीटर व्यासाचा असतो. २०११ च्या मालिकेतील रुपया २२ मिलिमीटरचा, पाच रुपये २३ मिलिमीटरचे होते. मुलाने काय गिळले हे कोणी पाहिले नसेल, तर ‘नाणेच असेल’ हा तर्क अत्यंत धोकादायक आहे. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओल्या ऊतींतून प्रवाह वाहू देतो. त्याच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते व दोन तासांत गंभीर भाजणी होऊ शकते. खेळण्यात चालेनासा झालेला सेलही निरुपद्रवी नसतो. सेल काढल्यानंतरही काही दिवस-आठवडे इजा वाढत राहून महाधमनीला भोक पडल्याची उदाहरणे आहेत.

म्हणून गिळलेली वस्तू पाहिलेली नसल्यास क्ष-किरण चित्र घेतलेच पाहिजे, आणि ते समोरून व बाजूने असे दोन्ही. समोरच्या चित्रात सेलला दुहेरी कडा दिसते व बाजूच्या चित्रात पायरी दिसते. नाण्याला दोन्ही नसतात. अन्ननलिकेत सेल असल्यास दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल व बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिलिलिटर मध द्यावा. सहा वेळांपेक्षा अधिक नको. मध मिळविण्यासाठी मात्र निघण्यास क्षणाचाही उशीर करू नये.

पायाळूच्या अंजनापासून बेल यांच्या वेटोळ्यापर्यंत आणि तेथून दवाखान्यातील मुलापर्यंत एकच धडा पुनःपुन्हा समोर येतो. गारफील्ड यांच्या शय्येपाशी तो शिकला गेला नाही. ब्रह्मपुरीच्या थरांत तो शिस्तीने गिरविला गेला. आपल्यापाशी येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो विसरण्याची मुभा नाही. आवाज यंत्र देते. तो कशाचा आहे, हे तपासून पाहण्याचे कर्तव्य आपले असते. आज घरी गेल्यावर रिमोटचे मागील झाकण घट्ट आहे ना, एवढे प्रत्येक वाचकाने अवश्य पाहावे.