नावानिशी दिलेली आज्ञा

गुरुजींनी वर्गात नुसते 'फळा पूस' म्हटले, तर चार मुले उठतात. नाव घेऊन म्हटले, तर एकच उठतो. बिनतारी दूरनियंत्रणाचे मर्म हेच होय.

केळव्याच्या बागायती वाड्या एकमेकींस लागून आहेत. समजा, शेजारच्या दोन वाड्यांतील पंपांस एकाच कंप्रतेची बिनतारी बटणे बसविली. एकीकडे बटण दाबताच लहरी दोहींकडे पोहोचतील. दुसरीकडे कोणी पंप दुरुस्त करीत असल्यास त्याच्या हातावर बेतेल. म्हणून लहरींतून आज्ञेसोबत पत्ताही धाडावा लागतो. तो संकेतांत मांडणारा घटक एन्कोडर, व उकलून घेणारा डिकोडर.

एच.टी. १२ई व एच.टी. १२डी ही अशीच एक प्रचलित जोडी आहे. तिचा संदेश बारा अंकांचा; प्रत्येक अंक शून्य किंवा एक. आठ अंकांतून २५६ पत्ते होतात, उरलेल्या चारांतून १६ आज्ञा. एन्कोडर हे अंक आखूड-लांब स्पंदांच्या रूपाने ओळीने पाठवितो. डिकोडर आलेला पत्ता स्वतःच्या पत्त्याशी लागोपाठ तीन वेळा ताडून पाहतो आणि जुळला तरच आज्ञा पाळतो. तथापि शेजाऱ्यानेही तोच पत्ता मांडला असल्यास हे रक्षण उरत नाही. दुरुस्तीपूर्वी मुख्य खटका बंद करणे अवश्यच आहे.

समुद्रावरही हेच तत्त्व उपयोगी पडते. इस्रोने मच्छीमारांसाठी तयार केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. त्याचा संदेश उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रात पोहोचतो. तेथे तो उकलून नौकेची ओळख व ठिकाण तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रास कळविले जाते. २०२४ मध्ये आलेल्या सुधारित यंत्रात संदेश पोहोचल्याची पोचही नौकेस परत मिळते. साध्या बटणास ही सोय नसते.

वर्गात हा पाठ किनाऱ्यावरील चार शिंपल्यांनी शिकविता येईल. उताणा शिंपला म्हणजे शून्य, उपडा म्हणजे एक. पहिल्या तीन शिंपल्यांच्या आठ मांडण्या आठ मुलांस पत्ते म्हणून वाटून द्याव्यात. चौथा शिंपला 'ऊठ' किंवा 'बैस' सांगेल. मग पत्त्याचा एक शिंपला गुपचूप उलटवावा. भलताच मुलगा उठेल, वर्ग हसेल. त्याच क्षणी शिक्षकांनी विचारावे, "येथे पंप असता तर?" तीनदा ताडून पाहण्याचे कारण मुले आपणहून सांगतील.