रंगसंस्करणातील कळफलकाचे उपयोजन : दा विन्ची रिझॉल्व्ह या संगणकप्रणालीच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : रंगसंस्करण, कळफलक, शॉर्टकट, नोड, दृश्यसंपादन

प्रस्तावना :
चित्रित दृश्यातील प्रकाश, छाया व रंग यांची हेतुपूर्वक पुनर्रचना करण्याच्या प्रक्रियेस रंगसंस्करण अर्थात कलर ग्रेडिंग असे म्हणतात. एकेकाळी हे काम महागड्या यंत्रणांनी सज्ज अशा मोजक्या स्टुडिओंपुरते मर्यादित होते. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये दा विन्ची सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती उपलब्ध करून दिली. त्यामुळे माध्यमविषयक अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांनाही हे साधन खुले झाले. तथापि, स्वतंत्र नियंत्रण-पॅनेल सर्वांनाच परवडणारे नसते. अशा ठिकाणी त्याची उणीव बऱ्याच अंशी कळफलक भरून काढतो. प्रस्तुत लेखात अशा निवडक शॉर्टकटचे कार्य व त्यामागील तत्त्व विशद केले आहे.

नोडची रचना :
रिझॉल्व्हमध्ये प्रत्येक संस्कार 'नोड' नामक घटकात साठविला जातो. 'शिफ्ट + ६' या कळांनी कलर पृष्ठ उघडते. विंडोज प्रणालीत 'ऑल्ट + एस' ने निवडलेल्या नोडनंतर क्रमिक नोड जोडला जातो, तर 'शिफ्ट + एस' ने तो आधी जोडला जातो. क्रमिक रचनेत पहिल्या नोडचे फलित दुसऱ्यास मिळते; म्हणून क्रम बदलल्यास परिणामही बदलू शकतो. 'ऑल्ट + पी' ने समांतर व 'ऑल्ट + एल' ने स्तर नोड मिळतो. 'ऑल्ट + ओ' ने निवडलेल्या भागाबाहेरील क्षेत्रावर संस्कार करता येतो. उदाहरणार्थ, चेहरा निवडल्यावर उर्वरित पार्श्वभूमी गडद करणे यामुळे सुलभ होते. मॅक संगणकावर कंट्रोलऐवजी कमांड व ऑल्टऐवजी ऑप्शन ही कळ वापरावी.

तुलना व दृष्टीचे समायोजन :
शॉर्टकटचे महत्त्व केवळ वेळेच्या बचतीत नाही. मानवी दृष्टी सभोवतालच्या रंगछटेशी अल्पावधीत जुळवून घेते. पडद्यावरील पिवळसर झाक काही वेळाने स्वाभाविक भासू लागते. माउसने मेनू शोधण्यात जाणारा वेळ या समायोजनास वाव देतो. 'कंट्रोल + डी' ने निवडलेला नोड, 'ऑल्ट + डी' ने सर्व नोड आणि 'शिफ्ट + डी' ने संपूर्ण संस्करण तात्पुरते बंद करता येते. मूळ व संस्कारित प्रतिमा अशा रीतीने क्षणात समोरासमोर येतात आणि डोळ्यांचा निर्णय विश्वासार्ह राहतो. 'शिफ्ट + एच' ने निवडलेले रंगक्षेत्र नेमके किती पसरले आहे, हे दिसते.

सातत्य आणि दक्षता :
'=' ही कळ लगतच्या आधीच्या क्लिपचे व '-' ही कळ त्याआधीच्या क्लिपचे संस्करण चालू क्लिपला लागू करते. संवादप्रसंगात दोन कॅमेऱ्यांची दृश्ये आलटून पालटून येतात, तेव्हा '-' विशेष उपयुक्त ठरते. मात्र येथेच धोकाही संभवतो. एका क्लिपमध्ये सावळ्या व्यक्तीची त्वचा अकारण उजळली गेली असेल, तर तीच चूक एका कळीनिशी पुढे पसरते. यासाठी व्हेक्टरस्कोपचा आधार घ्यावा. वर्ण उजळ असो वा सावळा, त्वचेची रंगछटा त्यावरील त्वचारेषेच्या आसपास आढळते. भेद प्रामुख्याने तेजस्वितेचा असतो. माहितीपटात तो भेद पुसून टाकणे म्हणजे व्यक्तीचे वास्तव बदलणे होय.

निष्कर्ष :
१. नोडच्या रचनेचे आकलन झाल्यावरच शॉर्टकट शिकविणे इष्ट ठरेल.
२. अध्यापनात तुलनेच्या कळांना अग्रक्रम द्यावा; त्यातून दृष्टी घडते.
३. प्रतिकृतीच्या कळांसोबत मापकाचे वाचन अनिवार्य असावे.
कळफलक हाताला गती देतो. रंगाविषयीचा विवेक मात्र अध्यापनातूनच रुजवावा लागतो.