तालुका नांदेडचा, जुना जिल्हा आदिलाबाद

किनवटच्या शेतकऱ्याला पणजोबांच्या जमिनीची निजामकाळातली नोंद शोधायची असेल, तर त्याने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेव्हा किनवट नांदेड जिल्ह्यात नव्हते, आदिलाबादेत होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते आणि लातूर उस्मानाबादेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर-निलंग्याकडचा भाग आणि किनवट इकडे मराठवाड्यात आले, नांदेडच्या मुधोळ तालुक्याचा मोठा भाग तिकडे आदिलाबादेत गेला. लातूर जिल्हा तर १९८२ चा. जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या, पण जुने दप्तर जुन्या जिल्ह्याच्याच नावाने लागलेले आहे.

मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांचे तसे नव्हते. तिथे कायदेमंडळ १८६२ मध्ये सुरू झाले, त्याची कामकाजाची पुस्तके छापली गेली, आणि सरकारी दप्तरखाना तर १८२१ पासूनचा आहे. मराठवाड्याच्या वाट्याला निजामी राजवट आली. हैदराबादेतही १८९३ मध्ये कायदे करणारे मंडळ स्थापन झाले, पण प्रजेचा आवाज त्यात नावालाच होता. १९३८ साली महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन लातूरला भरले, त्यात जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणारी माणसे होती. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. त्यामुळे या भागाचा राजकीय इतिहास सभागृहातल्या भाषणांपेक्षा पोलिसांच्या अहवालांत, गश्तींमध्ये (परिपत्रकांत) आणि महसुली मिसलींमध्ये (फायलींत) जास्त सापडतो.

हे कागद तीन दिशांना आहेत. निजाम सरकारच्या दिवाणी, माल आणि मुलकी दप्तरांचा मोठा साठा हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे. ब्रिटिश रेसिडेंटचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मिळतो. सामान्य माणसाचे मात्र बहुतेक काम तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातल्या बस्त्यांवरच अडते: सेतवार (शेतवार नोंद), पाहणी पत्रक, मुंतखब (इनामाच्या मंजुरीचा कागद).

असा कागद हातात आला की पहिली अडचण भाषेची. राज्यकारभार आधी फारसीत, मग १८८० च्या दशकापासून उर्दूत चालला. गावपातळीवर मोडीही होती. दुसरी अडचण सालाची. कागदावर १३५७ लिहिलेले असते. हे फसली साल. त्यात ५९० मिळवले की १९४७ येते. पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हैदराबाद संस्थान भारतात आले तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस याच फसली सालात पडतो. ज्या पोलीस कारवाईने हे विलीनीकरण झाले तिच्यानंतरही ही गणना लगेच सुटली नाही: १९४९ मध्ये जहागिरी रद्द करणारा हुकूमसुद्धा १३५८ फसलीचा म्हणून नोंदला गेला. बेरीज-वजाबाकीत एक वर्ष चुकले, तर वारसाचा दावाही चुकतो.

या कागदांची किंमत सरकारला २०२३ मध्ये नव्याने कळली. मराठा आरक्षणाच्या मागणीतून मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांत जुने बस्ते सोडले गेले. शोध हैदराबादपर्यंत गेला. या नोंदींसाठी निजामकालीन ‘हैदराबाद गॅझेट’चा आधार घेणाऱ्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हा शब्द घराघरांत पोहोचला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना दिसली: कागद होते, वाचणारे नव्हते. मोडी आणि जुनी दफ्तरी उर्दू वाचणारी माणसे फार थोडी उरली आहेत आणि त्यांतली बरीच वयस्कर आहेत.

आंदोलन पेटले की बस्ते सोडायचे आणि निवळले की पुन्हा बांधून ठेवायचे, ही रीत या प्रदेशावर अन्याय करणारी आहे. नांदेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. तिथे दफ्तरी उर्दू आणि मोडीचा नियमित वर्ग चालावा, आणि नांदेड-लातूरच्या गावांची निजामकालीन नोंद हैदराबाद, आदिलाबाद आणि बिदरहून स्कॅन करून गावाच्या नावाने शोधता येईल अशी इथेच ठेवावी. त्यासाठी महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक या तीन राज्यांच्या महसूल खात्यांना एकत्र बसावे लागेल. पुढाकार महाराष्ट्राने घ्यावा.