आधी पाणी मोजा, मग वाफे आखा

दहा एकरांचा धनी आठवडी बाजारातून कोथिंबिरीची जुडी विकत आणतो, हे चित्र आता गावोगावी दिसते. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळच्या काळ्या रानात कपाशी, सोयाबीन, मका जोमाने येतात. पण ताटातली भाजी मात्र पिशवीतून येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दर माणशी रोज ४०० ग्रॅम भाजीपाला खावा असे सुचवले. पाच माणसांच्या घरात ही भाजी रोज दोन किलो होते. एवढी विकत घेणे किती घरांना परवडेल? म्हणून परसात थोडी थोडी मिश्र भाजी लावणे शहाणपणाचे.

नवशिक्याची बाग बहुधा पावसाळ्यात फुलते आणि होळीपर्यंत वाळते. याचे कारण पुष्कळदा जमिनीत नसून आखणीत असते. जागा दिसली की सगळी पेरायची, पाण्याचा विचार मागाहून, असे करू नये. आधी आठ दिवस घरातले सांडपाणी बादलीने मोजा. समजा, भांडी-आंघोळीचे रोज आठ बादल्या पाणी मिळते. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफ्याला हिवाळ्यात रोजी सरासरी एक बादली लागते, वैशाखात दीड बादली. म्हणजे हिवाळ्यात आठ वाफे आणि उन्हाळ्यात पाचच. पावसाळ्यात बारा वाफे खुशाल करावेत. बारा वाफे, मधल्या वाटा आणि कडेचे वेल मिळून एक गुंठा पुरतो. आणखी एक नियम पाळावा: घरच्या बाईने डोक्यावरून आणलेले पाणी बागेला घालायची वेळ येत असेल, तर एक वाफा कमी करावा.

वाफा चार फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडता कामा नये. प्रत्येक वाफ्यात दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचते, म्हणून पावसाळ्यात गादीवाफे उंच करावेत. उन्हाळ्यात सपाट वाफे करून वर पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. सांडपाणी वाळू व विटांच्या तुकड्यांच्या खड्ड्यातून गाळून घ्यावे आणि मुळाशीच द्यावे, पालेभाजीच्या पानांवर नव्हे. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी वाफ्यात सोडू नये.

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे मृगाआधी गादीवर टाकावीत. पाऊस लागला की भेंडी, गवार, चवळी, अंबाडी पेरावी. दोडका, कारले कुंपणावर चढवावे. दसऱ्यानंतर मेथी, पालक, मुळा, गाजर, लसूण. संक्रांतीनंतर थंडी ओसरली की उन्हाळी पाच वाफे धरावेत: दोन भेंडीचे, एक गवारीचा, एक चवळीचा आणि एक सावलीतल्या कोथिंबिरीचा. मोरीच्या पाटाकडेला धोपा, म्हणजे अळू, आणि उत्तरेच्या कडेला शेवगा लावला, तर वाफ्यांवर सावली फारशी पडत नाही.

मेथी-कोथिंबिरीची पुडी एकदम उधळू नका. सगळा वाफा एकाच आठवड्यात काढणीला येतो, मग निम्मी भाजी गुरांपुढे जाते. वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरावा. मेथी महिनाभरात हाती येते, म्हणून ताटात खंड पडत नाही. वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातील. त्यांच्या जागी पुढच्या हंगामात गवार किंवा चवळी घ्यावी. रोगाची साखळी तुटते आणि शेंगवर्गाच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्रही मिळते.

भेंडीचा पिवळा केवडा टाळायला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे परभणी क्रांती हे वाण आजमावून पाहावे. सरळ वाणाची दोन निरोगी झाडे बियाण्याला राखावीत. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, ते पुढे एकसारखे निपजत नाही.

कपाशीवरचे उरलेले औषध घरच्या भाजीवर कधीही मारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध फवारणाऱ्याच्या जिवावर उठते, ते लेकरांच्या ताटात कशाला? अर्धा किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळावी, दहा लिटर द्रावण करून थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे. माव्याला बराच आळा बसतो.

पहिल्या वर्षी बाराही वाफ्यांच्या मागे लागू नका. चारच करा, पण वैशाखात ते चारही हिरवे राहतील असे बघा. तेवढे जमले की पाचवा वाफा आखायला हरकत नाही.