न्यायमूर्ती टॉनी यांची शोकांतिका

वॉशिंग्टनच्या संसदभवनात, जुन्या सर्वोच्च न्यायालयाच्या दालनाच्या दाराशी असलेला सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांचा संगमरवरी अर्धपुतळा फेब्रुवारी २०२३ मध्ये हलविण्यात आला. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला होता. अठ्ठावीस वर्षे सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या पुरुषाच्या वाट्याला ही अवहेलना का यावी?

टॉनी काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मेरीलँडमधील मळेवाल्या कुटुंबात १७७७ साली जन्मलेल्या टॉनी यांनी आपल्या बहुतेक गुलामांना स्वतः होऊन मुक्त केले होते. गुलामांना चिथावल्याचा आरोप असलेल्या एका धर्मोपदेशकाचा बचाव करताना, गुलामगिरी हा राष्ट्राच्या चारित्र्यावरील कलंक होय, असे त्यांनी १८१९ मध्ये न्यायालयात सांगितले होते. १८३६ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. सनदधारी कंपनीच्या मक्तेदारीपेक्षा लोकहित मोठे, हा त्यांचा १८३७ चा निवाडा आजही नावाजला जातो.

पण ६ मार्च १८५७ रोजी त्यांनी ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल दिला आणि हे सारे झाकोळून गेले. मालकाबरोबर गुलामगिरी नसलेल्या प्रदेशांत राहिलेल्या स्कॉट यांनी स्वातंत्र्य मागितले होते. गुलाम म्हणून आणलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज, मग ते स्वतंत्र का असेनात, अमेरिकेचे नागरिकच नव्हेत, सबब त्यांना संघराज्याच्या न्यायालयात दाद मागता येत नाही, असे टॉनी यांनी ठरविले. एवढ्यावर न थांबता नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मज्जाव करण्याचा काँग्रेसचा अधिकारही त्यांनी नाकारला. घटनाकारांचा हेतूच तसा होता, हे त्यांचे समर्थन. न्यायमूर्ती कर्टिस यांनी भिन्नमतपत्रिकेत त्यातील फोलपणा दाखविला. राष्ट्राच्या स्थापनाकाळी पाच राज्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीयांना मताधिकार होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. निकाल मात्र सात विरुद्ध दोन असा लागला.

देशाला पोखरणारा वाद न्यायालयाच्या एका फटकाऱ्याने मिटेल, अशी टॉनी यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो अधिकच चिघळला. या निकालावर कडाडून टीका करणाऱ्या लिंकन यांना १८६१ मध्ये अध्यक्षपदाची शपथ देण्याचे काम टॉनी यांच्याच वाट्याला आले आणि दीड महिन्याच्या आतच यादवी युद्ध पेटले. १८६४ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने, अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व बहाल करून, त्यांचा निर्णय पुसून टाकला.

घरच्या गुलामांविषयी दाखविलेली माणुसकी न्यायासनावर बसताच त्यांनी बाजूला ठेवली. खाजगी सद्वर्तनाने सार्वजनिक अन्यायाची भरपाई होत नाही. टॉनी यांच्या जागी थर्गुड मार्शल यांचा अर्धपुतळा बसविण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. मार्शल हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, आणि टॉनी यांच्या निकालानुसार नागरिकही न ठरणारे.