पेनवरून ‘मॉड’वर जाताना काय वाढते?

सुप्याच्या एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: ‘दिवसाला दहा सिगारेटी ओढायचो. पाच महिन्यांपूर्वी मित्राने पुण्याहून पेनासारखा व्हेप आणून दिला. सिगारेटी दोन-तीनवर आल्या. पण पेन लवकर संपतो, पैसे फार जातात. मित्र म्हणतो, आता बॅटरी बदलता येणारा मॉड घे, भरून वापर, स्वस्त पडेल. नवख्याने कोणता घ्यावा?’

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडवळणाने देत नाही. कोणताच घेऊ नये. मात्र ‘घेऊ नका’ एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. पेन आणि मॉड यांत फरक काय, तो शरीराला कुठे भोवतो आणि दोन-तीन सिगारेटींपर्यंत आलेल्या माणसाने पुढे काय करावे, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होईल.

आधी कायदा. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ई-सिगारेट बंदीचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. त्यात निकोटीन असो वा नसो, ई-हुक्का असो किंवा तंबाखू न जाळता नुसता तापवणारे उपकरण असो. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा ‘आणून देणारा मित्र’ स्वतःला मित्र समजत असला, तरी कायद्याच्या भाषेत तो पुरवठादार ठरू शकतो.

बंदीचा आरोग्याशी थेट संबंध आहे. आपल्याकडे येणारा प्रत्येक व्हेप चोरट्या मार्गाने आलेला असतो. बाटलीवर ‘३ मिलिग्रॅम’ छापले असेल, पण आत तेवढेच आहे हे कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेने तपासलेले नसते. ब्रिटनमध्ये डॉक्टर सिगारेट सोडण्यासाठी व्हेप सुचवतात, हे खरे आहे. तिथे द्रवात निकोटीनची मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि मालाची नोंदणी करावी लागते. इथल्या टपरीमागच्या डब्यातला माल त्या व्हेपच्या नावाने विकला जातो, पण ते प्रमाणपत्र त्याला लागू होत नाही.

आता यंत्राकडे वळू. पेन असो वा मॉड, आत चारच गोष्टी असतात: बॅटरी, तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, तिच्याभोवती कापूस आणि कापसात शोषलेला द्रव. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि निकोटीन. कॉइल तापली की द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात. ज्याला लोक ‘वाफ’ म्हणतात, ती पाण्याची वाफ नव्हे. तो थेंबांचा ढग असतो. ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी धूरविरहित सिगारेटचे पेटंट १९६० च्या दशकातच घेतले होते. आजचे रूप चीनमधील औषधनिर्माता होन लिक यांनी २००३ च्या सुमारास दिले. धूर ‘गाळून’ निर्धोक करण्याचा मोह तर त्याहून जुना. असद बेग याने विजापुराहून तंबाखू आणून अकबरापुढे ठेवली, तेव्हाही दरबारातल्या हकिमांत ती चांगली की वाईट यावर वाद झालाच होता.

पेनमधल्या कॉइलचा विद्युतरोध साधारण १.२ ओहम धरा. भरलेल्या लिथियम बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट. शाळेतल्या सूत्राने हिशोब केला तर शक्ती सुमारे १५ वॅट येते. मॉडमध्ये मोठा ढग हवा म्हणून कॉइलचा रोध ०.१५ ओहमपर्यंत उतरवतात. त्याच बॅटरीतून आता जवळपास ११८ वॅट आणि २८ अँपियर प्रवाह ओढला जातो. म्हणजे ‘अपग्रेड’ म्हणजे नुसती मोठी टाकी नव्हे. आठपट ताकदीने द्रव उडवणारे यंत्र हातात येते.

यातून दोन गोष्टी होतात आणि दोन्ही नवख्याला माहीत नसतात.

पहिली निकोटीनची. झुरक्यातून मिळणारा डोस म्हणजे उडालेला द्रव गुणिले त्यातले प्रमाण. उदाहरणादाखल धरा, पेनचा एक झुरका ५ मिलिग्रॅम द्रव उडवतो आणि त्यात निकोटीन मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम आहे. डोस साधारण पाव मिलिग्रॅम. मॉड एका झुरक्यात ४० मिलिग्रॅम द्रव उडवू शकतो. त्यात पेनसाठीचाच द्रव ओतला, तर एका झुरक्यात दोन मिलिग्रॅम येते. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जाते. म्हणजे एका झुरक्यात सिगारेटपेक्षा जास्त. मळमळ, घाम, चक्कर, छातीत धडधड, उलटी ही त्याची लक्षणे. बाहेरच्या देशांत म्हणूनच मॉडसाठी ३ किंवा ६ मिलिग्रॅमचा द्रव वेगळा विकतात. आपल्याकडे विकणारा ‘कोणताही चालतो’ म्हणतो.

कमी निकोटीनचा द्रव घेतला म्हणजे सुटलो, असेही नाही. मेंदूला ठरलेला डोस हवा असतो. प्रमाण कमी केले की माणूस नकळत जास्त वेळा आणि खोलवर ओढतो. निकोटीन तेवढेच राहते, फुप्फुसात जाणारे ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि स्वादद्रव्ये मात्र कितीतरी वाढतात. कापूस कोरडा पडलेला असताना कॉइल तापली तर याच द्रवांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन तयार होते. घशाला जळका चटका बसतो तो त्याचाच. तारेतले निकेल, क्रोमियम यांसारखे धातूही थेंबांत उतरतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ते आढळले होते.

दुसरी गोष्ट बॅटरीची, आणि मला ती जास्त भीतीदायक वाटते. मॉडमध्ये बहुधा १८६५० नावाचा गोल लिथियम सेल बसतो. चांगला सेल सलग २० ते ३० अँपियर देऊ शकतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल दिसायला तसाच असतो, पण तो एवढ्या प्रवाहासाठी बनवलेलाच नसतो. असे सेल नवे आवरण चढवून, वर मोठा आकडा छापून विकले जातात. शिवाय काही मॉड ‘मेकॅनिकल’ असतात. त्यांत प्रवाह रोखणारी चिप नसते. बटण दाबले की बॅटरी थेट तारेला जोडली जाते. वेटोळे आपले आपण गुंडाळायचे आणि रोध मोजायला साधा मीटरही जवळ नाही, अशा अवस्थेत चूक झाली तर सेल तापून फुटतो. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसे दगावली. खिशात सुटा सेल आणि त्यासोबत गाडीची किल्ली किंवा नाणी ठेवणे हेही तितकेच वाईट. सेलचे बाहेरचे धातूचे आवरणच ऋण टोक असते. प्लास्टिक फाटले की किल्लीने शॉर्टसर्किट होते आणि मांडी भाजते.

‘पण सिगारेटपेक्षा बरेच ना?’ हा पुढचा प्रश्न येणारच. पूर्णपणे सिगारेट सोडून केवळ तपासलेला व्हेप ओढणाऱ्याच्या शरीरात धुरातली कर्करोगकारक रसायने बरीच कमी जातात, यावर शास्त्रज्ञांत फारसा वाद नाही. लंडनच्या एका मोठ्या प्रयोगात, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ८८६ जणांना व्हेप किंवा निकोटीनचे पॅच-गम यांपैकी एक दिले. वर्षानंतर व्हेपच्या गटातले १८ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. पण त्याच प्रयोगाचा दुसरा आकडा क्वचित सांगितला जातो: व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेपच ओढत होते, पॅच-गम घेऊन सुटलेल्यांत औषध चालू असलेले फक्त ९ टक्के.

आणि वाचकमित्रहो, प्रश्न विचारणारा पूर्णपणे सुटलेला नाही. दोन-तीन सिगारेटी चालू आहेत. कर्करोगाच्या बाबतीत दहावरून दोनवर येणे कामाचे आहे. हृदयाच्या बाबतीत तसे होत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या विश्लेषणानुसार रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. म्हणून ‘कमी केली’ या समाधानावर थांबू नये.

२०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या तीव्र आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काचे व्हेप ओढणारे होते आणि मुख्य संशय त्यात भेसळ म्हणून घातलेल्या ‘व्हिटॅमिन ई अॅसिटेट’वर होता. साधा निकोटीन द्रव त्याला कारण नव्हता, हे सांगायला हवे. पण ती भेसळ अनधिकृत विक्रीतूनच आली होती आणि आपल्याकडे विक्री फक्त तशीच आहे.

या सगळ्याचा गाजावाजा करताना जिल्ह्याचे खरे चित्रही ध्यानात ठेवावे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर न काढणारी तंबाखू २४.४ टक्के, ओढणारे अवघे ३.८ टक्के. म्हणजे आपला मुख्य शत्रू चुना-तंबाखू, गुटखा आणि मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंती सांगतात. घरातली आजी सकाळी मिश्री लावते आणि नातू बाथरूममध्ये स्ट्रॉबेरीच्या वासाचा पेन ओढतो, तेव्हा दोघांच्या रक्तात एकच निकोटीन फिरते. नगर आणि संगमनेरमध्ये विड्या वळून घरे चालवणाऱ्या बायकांना तर ओढल्याशिवायच तंबाखूची धूळ झेलावी लागते.

मग सुप्याच्या वाचकाने करायचे काय? व्हेपकडे न पाहता, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किंवा पहिला झुरका किती मिनिटांनी लागतो, हे आधी बघा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट आहे आणि नुसत्या निर्धाराने सहसा भागत नाही. अशा वेळी निकोटीनचा पॅच आणि सोबत गम असे एकत्र वापरणे जास्त उपयोगी पडते. गम पानासारखा सतत चघळायचा नसतो: थोडा चावायचा, झणझण लागली की गालाजवळ दाबून ठेवायचा, मग पुन्हा. चहा-कॉफीच्या लगेच मागेपुढे घेतला तर नीट शोषला जात नाही. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत; त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्याव्यात. रात्रपाळी असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. झोप मोडलेल्या रात्री ओढ सर्वांत जास्त लागते.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-२३५६ निःशुल्क आहे. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती समुपदेशनाची चौकशी करा. लोणी आणि विळद घाट येथील दंत महाविद्यालयांतही विचारता येईल. दंत महाविद्यालयांनी अशी केंद्रे चालवावीत, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे असेल तर तिथेच दाखवून घ्या. व्हेपचे नाव घ्यायला लाजू नका. डॉक्टरांना खरे सांगितले तरच डोस ठरतो.

राहता राहिला घरातला जुना पेन. त्यातली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ट्रकमध्ये दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उरलेल्या द्रवाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. तंबाखूचा काढा मावा किडीवर फवारणाऱ्या शेतकऱ्याला निकोटीन काय चीज आहे हे सांगावे लागत नाही. १० मिलिलिटरच्या पन्नास-मिलिग्रॅमी बाटलीत ५०० मिलिग्रॅम असते. न्यूयॉर्क राज्यात २०१४ मध्ये असा द्रव पोटात गेल्याने एका वर्षाच्या बाळाचा मृत्यू झाला. हाताला सांडला तरी साबणाने लगेच धुवा, आणि मुलाच्या तोंडात गेल्याची शंका आली तरी वाट न पाहता बाटलीसह थेट दवाखाना गाठा.