माइकपासून दोन पावलांवरचं स्वयंपाकघर

जुन्या रेडिओला उजवं-डावं नव्हतं. एक स्पीकर, एक आवाज. तरीही श्रुतिका ऐकताना ओटी, माजघर, स्वयंपाकघर असं अख्खं घर मनात उभं राहायचं. नटांच्या हाती भांडवल दोनच गोष्टींचं होतं: जवळ आणि लांब.

नट माइकपासून दुप्पट अंतरावर गेला की माइकवर थेट पोचणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. पण स्टुडिओच्या भिंतींवरून परतणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. या दोहोंचं प्रमाण बदललं की आपला कान क्षणात अंतर ओळखतो, आपल्याला न विचारता! म्हणून मीनावहिनींना स्वयंपाकघरातून बोलायचं असेल, तर दोन पावलं मागं सरून मान वळवली की पुरे. हातात संहिता, पान उलटताना कागद वाजू द्यायचा नाही, आणि तोंडी राग किंवा लाडिकपणा.

मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतल्या या मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. प्रभाकर जोशी पंत व्हायचे आणि बाळ कुडतरकर टेकाडे भावजी. कुडतरकरांची चेहरेपट्टी ठाऊक नसलेल्या घराघरांत टेकाडे भावजी मात्र नात्यातले होते. मला हे अभिनयाचं फार मोठं यश वाटतं. चेहरा, वेश, हातवारे सगळं काढून घेतल्यावरही माणूस शिल्लक राहतो, आणि तोही ओळखीचा.

हे आवाज घराघरांत पोचायचे तेही नवलच. मुंबईलगतचंच उदाहरण घ्या. मीरा रोडचं सिल्व्हर पार्क आज इमारतींनी गजबजलं आहे, पण मीरा-भाईंदरचा हा पट्टा मुळात खाड्यांचा आणि मिठागरांचा. रेडिओच्या मध्यमलहरी जमिनीला बिलगून धावतात, आणि ओली, खारट जमीन विजेची चांगली वाहक असल्यानं तिच्यावरून जाताना त्या कमी क्षीण होतात. ज्या खारेपणामुळं तिथं शेती अवघड, तोच खारेपणा नाटकाला वाट करून देणारा!

मग 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. 1 एप्रिल 1976 पर्यंत टेलिव्हिजन आकाशवाणीचाच भाग होता, त्यामुळं एका माध्यमातली माणसं दुसऱ्यात जाणं घरातल्या घरात खोली बदलण्यासारखं होतं. नीलमताईंचे पती बबन प्रभू हे त्यातलं माझं आवडतं नाव. ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सांचे लेखक आणि नट असलेले बबन प्रभू याकूब सईद यांच्यासह दूरदर्शनच्या ‘हास परिहास’मध्ये दिसू लागले.

इथं गणित उलटं झालं. संहिता हातातून गेली, संवाद पाठ हवेत. कॅमेरा चेहऱ्याला इतका जवळ येतो की नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी वर केलेली भुवई पडद्यावर आरडाओरडा वाटते. आणि सगळ्यात मोठा फरक शांततेचा. रेडिओवर नट काही सेकंद गप्प राहिला, तर श्रोत्याचा हात खुंटीकडे जातो, स्टेशन गेलं की काय म्हणून. दूरदर्शनवर विनोदी नट तेवढाच वेळ गप्प राहून नुसता समोरच्याकडे बघतो, आणि घरातली माणसं हसू लागतात.